खाली उजवीकडून

बाल्टिमोर
सोमवार, ३० जून १९९७

लाडक्या नेटीला,

डेसाचा गालगुच्चा. तू बरी असशील, मावशी तुला पोटभर खाऊ घालत असेल आणि तिच्या लाँड्रीतल्या वाफेने तुझ्या केसांची पार वाट लागली असेल, असं धरून चालते. आम्ही इथे बरे आहोत. आईचा गुडघा तसाच. डॉक्टर जिने चढू नका म्हणाले, म्हणून ती आता दिवसभर बाहेरच्या पायरीवर बसून अख्ख्या गल्लीची हजेरी घेते. काल समोरच्या बाईला म्हणाली, "माझी धाकटी नॉरफोकला विश्रांतीला गेलीय, मग येऊन परीक्षा देणार आहे." माझ्याबद्दल त्या बाईने विचारलं नाही आणि आईनेही सांगितलं नाही.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी ते तीनदा वाचलं. फोन करणार होते, पण मावशीचा फोन पडला दिवाणखान्यात आणि मावशीचे कान तर त्याहून मोठे. शिवाय फोनवर मी विषय बदलते, हे तुला माहीत आहे. म्हणून सकाळीच येऊन कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर लिहायला बसलेय. काउंटर उघडायला अजून दोन तास आहेत.

आधी कॉलेजच्या बातम्या. उन्हाळ्याचे वर्ग सुरू झाले. एसी दुरुस्तीवाल्यांनी आपल्याच इमारतीचा एसी शिकायला उघडला आणि आता तो कुणालाच बंद करता येत नाही. मी सुपाच्या पातेल्यामागे स्वेटर घालून उभी असते. स्वयंपाकाच्या वर्गातल्या बायकांनी गुरुवारी खेकड्याच्या टिक्क्या केल्या, त्यात खेकडा कुठे होता ते त्यांनाच ठाऊक. तो पोस्टातून निवृत्त झालेला म्हातारा आठवतो, नातवाबरोबर एकाच बाकावर बसणारा? तो गणितात पास झाला आणि नातू राहिला. सबंध कँटीनने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण तोच वर्ग मी तीनदा केलाय. पदवीत ज्याचे गुणसुद्धा धरत नाहीत असला वर्ग! त्यामुळे टाळ्या जरा हळूच वाजल्या.

आणि हो, आयव्हीला दातांचा अभ्यासक्रम पुरा केल्याची पिन लागली. तुझ्या वर्गातल्या सगळ्याजणी पांढऱ्या कोटात ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीला तिच्या घरचं कुणीतरी पिन लावत होतं. आयव्हीला तिच्या नवऱ्याने लावली. लावताना तिला टोचली, ती ओरडली आणि सगळे हसले. मागच्या रांगेत कोण बसलं होतं माहितेय? मिस्टर पर्नेल, आपल्या चर्चचे! आयव्ही त्यांना मिठी मारून म्हणाली, "तुमच्या तोंडामुळे मी पास झाले हो!" ते बिचारे लाजून लाल. मला मात्र ते बघवेना. कारण मिस्टर पर्नेल मुळात तुझे होते.

तू त्यांना आठ महिने सांभाळलंस. रविवारच्या प्रार्थनेनंतर त्यांना गाठून विचारायचीस, "दात साफ करून नाही ना घेतलेत? माझ्यासाठी तसेच ठेवा हं!" लोकांना वाटायचं, पोरगी खुळी आहे. बाहेरच्यांना काय कळणार? परीक्षेला आपला पेशंट आपणच आणायचा, त्याच्या दातांवर मोजून दाखवण्याइतकं कडक किटण हवं, आणि किटण नाही तर परीक्षा नाही. दोन वर्षं तुम्ही चोवीसजणी बसमध्ये, दुकानात, प्रेतयात्रेतसुद्धा लोकांच्या तोंडात डोकावत हिंडत होतात. आणि त्या आयव्हीला कुणीच मिळेना म्हणून परीक्षेच्या आधी चार दिवस तू तुझे राखीव मिस्टर पर्नेल तिला देऊन टाकलेस. मी म्हटलं, "अगं, वेड लागलंय का?" तर तू म्हणालीस, "माझ्याकडे तू आहेस ना, डेसा. सख्ख्या बहिणीचं तोंड असताना मला दुसरं कशाला?"

तेव्हाच बोलायला हवं होतं मी.

तुझ्या पत्रातल्या ओळी इथे उतरवून काढते, म्हणजे मला पळता येणार नाही. "माझ्या बोटांना कळतच नाही, डेसा. जे नव्हतंच ते मला लागलं. असला हात घेऊन मी कुणाच्या तोंडात जाऊ? फेरपरीक्षेचा फॉर्म मी भरणार नाही. मावशीकडेच कामाला लागते. तू मात्र माझ्यासाठी उपाशी बसलीस, ते मी कधी विसरणार नाही."

विसर, नेटी. पहिल्यांदा तेच विसर.

जरा मागून सांगते. या कॉलेजात आधी कोण आलं? मी. दातांच्या अभ्यासक्रमाचं माहितीपत्रक फ्रिजवर कुणी चिकटवलं होतं? मी. प्रवेशाच्या दिवशी तू माझ्या सोबतीला आली होतीस, हातात बर्फाचा गोळा घेऊन, जीभ निळी करून. खिडकीतली बाई म्हणाली, "तुम्हीही देऊन टाका चाचणी, नुसत्याच तर बसलायत." तू दिलीस. जीवशास्त्रात तुला ए, मला सी. परत बसले, परत सी. चोवीस जागा, त्यातली एक तुझी. आणि मी याच कॉलेजात सहा वर्षांत चार अभ्यासक्रम बदलून शेवटी सुपाच्या पातेल्यामागे.

मी जळले. सांगून टाकते, आता लाजून काय करायचंय? तुझ्या पांढऱ्या कोटातला फोटो आईने टीव्हीवर ठेवला, तर मी महिनाभर टीव्ही बघितला नाही. तू जेवताना "डेसा, आ कर" म्हणायचीस आणि माझ्या दातांचा तक्ता लिहायचीस, तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा. जी जागा माझी व्हायची, तिथे तू बसलेली, आणि मी काय, तर तुझं सामान! अकरा वर्षं दातांच्या डॉक्टरकडे न गेलेलं तोंड, एवढीच माझी किंमत. तू मैत्रिणींना सांगायचीस, "माझ्या बहिणीचं खालचं उजवं बघाल तर वेड्या व्हाल!" त्या हसायच्या, मीही हसायचे. घरी येऊन भांडी आपटायचे, ते तुला वाटायचं आईवरच्या रागाने.

आता मेच्या पहिल्या गुरुवारचं. तुझ्या परीक्षेला नऊ दिवस होते. मी कामावर गेले नव्हते. तुला सांगितलं होतं, गेले म्हणून.

त्याआधीच्या शनिवारी धुलाईच्या दुकानात एक मुलगी भेटली, कॉलीन नावाची. शहराबाहेरच्या कॉलेजात हेच शिकणारी. मी कशावरून तरी हसले, तर ती टॉवेल टाकून धावतच आली. "अहो, तुमचं तोंड म्हणजे खजिना आहे! माझे तास भरायचेत, याल का? एवढी मेहेरबानी करा!" तिला तुझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी तिला सांगितलंही नाही. दोन बस बदलून गेले. तीन तास ती माझ्यावर वाकून दात साफ करत होती, आणि तिच्या बाई येऊन म्हणाल्या, "वा, किती सोशिक पेशंट आहे!" मला बरं वाटलं, नेटी. तिथे मी कुणाची बहीण नव्हते.

पण हे सगळं मी सबब म्हणून सांगतेय, ते तुलाही कळतंय. मोहात पडले, विसरले, एवढ्यावर भागलं असतं तर हे पत्र कधीच लिहिलं असतं. खरी गोष्ट एवढीच आहे. कॉलीनने विचारलं, "आज वेळ एकाच भागापुरता आहे. कुठून सुरू करू?"

मी म्हणाले, "खाली उजवीकडून."

परीक्षेसाठी तू कुठला भाग लिहून दिला होतास, ते मला माहीत होतं. तक्ता तू माझ्याच समोर लिहिला होतास.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तू म्हणालीस, "एकदा आ कर ना, शेवटचं बघून घेते." मी म्हटलं, "घसा दुखतोय. दात काय पळून जातात का?" तू माझ्यासाठी मध घालून गरम पाणी आणलंस. ते मी प्यायलेसुद्धा.

परीक्षेच्या दिवशी माझ्या छातीवरच्या कापडावर ४१७ लिहिलं होतं. पेशंट कुणाचा ते परीक्षकांना कळू नये, म्हणून तुला पडद्यापलीकडे ठेवलेलं. तिघांनी एकामागून एक माझ्या दातांवरून ती किटण शोधायची आकडी फिरवली. तिसरा म्हातारा होता, त्याने दोनदा फिरवली. त्याला वाईट वाटत होतं. तेव्हा सांगता आलं असतं. "पुरेसं नाही" असा शेरा मारलेला कागद त्यांनी पाकिटात घालून माझ्याच हातात दिला, आणि तो घेऊन मी तुझ्याकडे चालत आले. राखीव पेशंट नव्हता. दिवस संपला. तू माझा गाल धरून म्हणालीस, "माझंच चुकलं गं. तू सकाळपासून उपाशी आहेस." आणि तू मला तळलेल्या माशाचं सँडविच घेऊन दिलंस, तिखट सॉस जास्त घालून, मला आवडतो तसा.

त्या वेळी मला आनंद झाला का, ते विचारशील. बस येईपर्यंत झाला होता. बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून आपली बोटं एकमेकांवर घासत बसलीस, जणू ती दुसऱ्याच कुणाची होती. तिथे तो संपला. आणि तरी मी सात आठवडे गप्प राहिले, कारण तू घरी होतीस आणि आईने टीव्हीवरचा फोटो उचलून कपाटात ठेवला होता.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच तुम्हाला शिकवणाऱ्या मिसेस ॲबरनॅथींच्या घरी गेले. सगळं सांगितलं. त्या मला बसा म्हणाल्या नाहीत, ते बरंच झालं. आज सकाळी सातला कॉलेजात बोलावलं. तिकडूनच इथे आलेय. त्यांनी तुझा तक्ता काढला, मला खुर्चीत घातलं आणि डावीकडची बाजू, जिला कॉलीनने हात लावला नव्हता, ती एकेक दात करत तपासली. तू सतरा ठिकाणी खुणा केल्या होत्यास. सतराच्या सतरा बरोबर निघाल्या. एक तर इतकी आत होती की त्यांनाही दुसऱ्या खेपेला लागली. आकडी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ही पोरगी माझ्याहून बरी आहे." मग माझ्याकडे बघून जे म्हणाल्या ते लिहीत नाही. त्यात काही खोटं नव्हतं.

तर ऐक. जे होतं तेच तुझ्या बोटांना लागलं होतं. नाहीसं मी केलं.

फॉर्म सोबत जोडला आहे. मिसेस ॲबरनॅथींनी सही केली आहे, तुझी राहिली आहे. अकरा जुलैपर्यंत पोचला पाहिजे. पेशंटची काळजी नको. बस डेपोतले मिस्टर वेंडेल सैन्यातून सुटल्यापासून दातांच्या डॉक्टरकडे गेलेले नाहीत. दर दुपारी ते माझ्याकडे सूप घ्यायला येतात. पत्र अर्धं ठेवून काउंटर उघडायला गेले होते, तेव्हा वाकून मी त्यांना तोंड उघडायला लावलं. "अगं बाई, सुपात काही पडलंय का?" म्हणाले. नाही म्हटलं, तुमच्याकडे एक काम आहे. त्यांना मिसेस ॲबरनॅथी घेऊन येतील, आणि राखीव म्हणून त्यांचे मेव्हणेही तयार आहेत. मी इमारतीच्या आसपाससुद्धा फिरकणार नाही. आईला मी आज संध्याकाळी सांगणार आहे. तिने मला पायरीवरून हाकललं, तरी वर्गातली ती जागा तुझीच.

माफी मागत नाही. मागितली तर तू देऊन टाकशील, मिस्टर पर्नेल दिलेस तशी. आणि खरं सांगायचं तर मी अजूनही जळते. आज त्या बाई "माझ्याहून बरी" म्हणाल्या, तेव्हा त्या खुर्चीत पडल्यापडल्याही पोटात दुखलं. ते इतक्यात जाणार नाही. पण यापुढे ते माझ्या पोटातच राहील, तुझ्या हातापर्यंत येणार नाही.

फॉर्मवर सही कर. त्याच हाताने कर.

जिचं तोंड तू बरोबर वाचलंस ती,
ओडेसा