लवंगीची पहिली शिक्षा

४ जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तेल पोचलं. आधीच्या बाटल्यांची बुचं अजून उघडलेली नाहीत. लवंगीच्या पायांना गुण येईल, असं तुझ्या शेजारणीची जाऊ म्हणते, म्हणजे प्रश्नच मिटला. डॉक्टर उगाच शिकले. आई, तुझी नात आजारी नाही, त्यामुळे ती बरी होणार नाही. तिचे हातपाय जन्मापासून मेंदूचं ऐकत नाहीत आणि ती स्वतः कोणाचंच ऐकत नाही. हा दुसरा गुण आजोळचा.

काय मदत करू, विचारतेस. तिला भरवण्यातच संध्याकाळ सरते. मी लॅबमधून येते तेव्हा हे कामाला निघतात. रखवालदारांसारखे आम्ही दारात भेटतो. परवा भांडायला बसलो, तर दोघंही मध्येच झोपलो. नोकरी सोडावी म्हणते. तू मात्र सल्ले पाठवत राहा, पोस्टमनची तब्येत सुधारते आहे.

लोभ आहेच; तो बाटलीत भरून पाठवू नये.

तुझी लेक

११ जून

चि. बाळीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून धन्य झाले. ज्या हेडबाईंना अख्खी शाळा टरकायची, त्यांना पोटची पोर छडी मारते!

मी का येत नाही, ते ऐक. मागच्या खेपेला माझ्या हातून भरवताना लवंगीला ठसका लागला, चेहरा काळानिळा झाला. मला भीती वाटते गं. तेल पाठवणं सोपं होतं.

रविवारी येते. तोवर घर आवरू नकोस, मला नावं ठेवायला काहीतरी हवं.

तुझी (अजून तरी) आई

२ ऑगस्ट

चि. बाळीस,
अ. उ. आ.

लवंगीला माझ्यावर सोपवून नणंदेकडे पोचल्यापासून तुम्ही दोघं नुसते झोपताय असं कळलं. जावईबापूंना म्हणावं, जाग आली की एकमेकांशी बोलूनही बघा.

इकडे ठीक. थेरपिस्टबाईंनी शिकवलं तसंच भरवते: हनुवटी किंचित खाली, चमचा छोटा, गिळेपर्यंत थांबायचं. थांबणं मला जन्मात जमलं नव्हतं. वर्गात प्रश्न विचारून उत्तरही मीच द्यायचे. काल बागेत एक बाई हिच्या चाकांच्या खुर्चीपाशी येऊन बिचारी, बिचारी करू लागल्या. मी काळजीनं विचारलं, कोण हो बिचारी, तुमच्या घरी कोणाला काय झालं? त्या निघूनच गेल्या.

आता रागावू नकोस. आज लवंगीनं सूप तोंडात धरलं, नेम धरला आणि माझ्या चष्म्यावर उडवलं. ठसका नव्हता, ठसका मी आता ओळखते. पुन्हा उडवलं, तेव्हा मी तिची खुर्ची भिंतीकडे वळवली आणि शाळेतल्या आवाजात बजावलं, माझ्या वर्गात हे चालणार नाही. मग माझंच धाबं दणाणलं. असल्या लेकराला शिक्षा केली! जवळ जाऊन बघते तर हसून हसून कार्टीची खुर्ची हलत होती. नंतर मुकाट जेवली, फक्त नाक वर करून.

बोलणी खायला तयार आहे.

आई

५ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न.

पत्र वाचून रडले. हे घाबरले, म्हणून त्यांच्या हातात दिलं, मग तेही.

आई, आजवर लवंगीला कोणी रागावलंच नव्हतं. सगळे डोळे पुसतात, खाऊ देतात. आमचाही कधी धीर झाला नाही. इतर पोरांना रोज मिळतं ते तिला तुझ्याकडून पहिल्यांदा मिळालं.

नोकरी सोडत नाही. आणि आम्ही इथे आणखी दोन दिवस राहतोय. परवानगी मागत नाही, कळवतेय. आल्यावर हवं तर मलाही भिंतीकडे तोंड करून उभं कर.

लोभ असू दे, धाकही असू दे.

तुझी लेक