तुझ्या चर्चची ओटी

प्रिय हान्ना आजी,

काल आईचा फोन आला. धरणाचं पाणी यंदा खूप खाली गेलंय, आमच्या बुडालेल्या गावातलं देवीचं देऊळ पायऱ्यांपर्यंत उघडं पडलंय आणि सगळ्या बायका होडीतून ओटी भरायला निघाल्यात. मी "छान" म्हणाले आणि फोन ठेवला. हिवाळ्यात तू गेलीस तेव्हापासून तुझ्यावर रागावून बसले होते. काल तो राग आत मावेना, म्हणून लिहायला घेतलं.

तुझ्या देशातल्या युद्धामुळे तू लेकीसोबत इथे जर्मनीत, येनाला आलीस, आमच्या खालच्या मजल्यावर. जिना पुसायची पाळी तुझी की माझी, यावरून आपली ओळख झाली. दोघींचंही जर्मन मोडकं, त्यामुळे गट्टी लवकर जमली. तू लगेच 'आपण' सोडून जर्मनमधलं जवळिकीचं 'दू' म्हणायला लावलंस. बरंच झालं, आमच्याकडे आजीला अगंच म्हणतात.

मग दर रविवारी नदीकाठचा फेरफटका. चालायचो येनात, पण तू मला फिरवायचीस द्नीप्रो नदीकाठच्या तुझ्या गावात. या बाकापाशी धक्का, कलिंगडांनी भरलेले पडाव लागायचे तो. त्या टेकाडावर कोसॅकांची मातीची गढी. पुढे पाणचक्की, पूर्वी मिठाच्या बैलगाड्या यायच्या तो बाजार, आणि शेवटी हिरव्या घुमटाचं देवमातेचं चर्च. मी फोटो शोधायला लागले की हात धरायचीस. "फोन ठेव. मी सांगतेय ना."

ठेवला, आजी. नकाशावर गावाचं नाव दिसलं, तेवढं मला पुरलं. इतका विश्वास मी नवऱ्यावरही ठेवत नाही.

युद्ध संपलं की वसंतात जायचं ठरलं होतं आपलं. घंटेच्या मनोऱ्यावरून नदी बघायची होती. तुझे गुडघे दुखतात म्हणून तू खालीच थांबणार होतीस. इतकं बारकाईनं फसवायचं एखाद्याला?

तुझ्या दफनानंतर सगळे जेवायला बसलो. मध घातलेली गव्हाची खीर होती. मी पिशवीतून ओटी काढली: हिरवा खण, नारळ, तांदूळ. तुझ्या लेकीला, लारीसाला म्हटलं, गावी गेलीस की नदीकाठच्या चर्चमध्ये देवमातेपुढे ठेव.



"कुठलं चर्च?" लारीसा म्हणाली. "धरण झालं तेव्हा जुनं गाव अख्खं पाण्याखाली गेलं. माझ्या जन्माच्याही आधी. आता आहे ते टेकडीवर नवं वसवलेलं, नाव तेवढं जुनं."

धक्का, गढी, चक्की, सगळं तू शाळकरी पोर असतानाच बुडालेलं. जेवायला बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत होतं. मी तेवढी मांडीवर नारळ घेऊन बसले होते.

पण मला लागलं ते वेगळंच. माझ्या आईचं गाव धरणात गेलं, हे मी तुला सांगितलं होतं ना? त्याच बाकावर, रडत रडत. तू पाठीवरून हात फिरवलास. तेव्हा "माझंही" एवढंच म्हणाली असतीस तर? माझं दुःख पदरात घेतलंस आणि तुझं लपवलंस. याला मैत्री म्हणतात का गं?

उलट विचारलंस, "पाणी कमी झालं की देऊळ दिसतं? खरंच?" मी हौसेनं सांगत सुटले, चिखल, पायऱ्या, गाभारा. तू "जा, बघून ये" म्हणालीस आणि घरी येईपर्यंत गप्प. मला वाटलं, थकलीस.

निघताना लारीसानं दारात उरलेलं सांगितलं. पाणी येण्याआधीच चर्च सुरुंग लावून पाडलं. घरं लोकांनी आपल्या हातांनी उतरवली. तुझ्या वडिलांनी तुमच्या घराच्या विटा हातगाडीवरून टेकडीवर नेल्या. म्हणजे तुझ्या नदीचं पाणी कितीही आटलं तरी वर यायला काही नाहीच. आणि मी तुला देवळाच्या पायऱ्या ऐकवत होते!

हे कळूनही राग गेला नाही, बरं का. उलट वाढला. मला कळलं असतं, आजी. या अख्ख्या शहरात कळण्यासारखी मीच तर होते.

ओटी अजून माझ्याकडेच आहे. युद्ध थांबलं की तुझ्या गावी जाईन आणि होडीवाल्याला चर्चच्या जागेवर थांबायला सांगेन. त्याला जागा ठाऊक नसेल तर मी सांगेन: टेकडीकडे पाठ करून उजवीकडे, धक्का, मग चक्की, बाजार ओलांडला की चर्च. तिथे ओटी सोडीन. तुझ्याशी मात्र एक शब्दही बोलणार नाही.

अजून रुसलेली तुझी,
मृणाल