खाकी अँब्युलन्स आणि मी

१२ नोव्हेंबर १९५३, बदलापूर
गाडी आली! लढाईच्या वेळची विलायती अँब्युलन्स, कल्याणच्या लष्करी छावणीच्या लिलावातली. आमच्या दवाखान्याच्या कमिटीने घेतली. खाकी रंग, मागे स्ट्रेचर, ड्रायव्हरला दारच नाही, नुसता ताडपत्रीचा पडदा. चालवणार महादूकाका (इथून पुढे म.का.). फौजेत होते, ब्रह्मदेशात अशाच गाडीतून जखमी शिपाई आणायचे. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "नर्सबाई, ही दमत नाही. माणूस दमतो."
अडलेली बाई आजवर डोलीतून आणायचो. किती वाटेतच...

२१ नोव्हेंबर
बारवीकडच्या पाड्यांवर देवी टोचायला. गाडी बघून पोरं झाडावर चढली. एक म्हातारी मला विचारते, "गो बाय, लराई परत आली का?" म्हटलं, नाही आजी, लढाई संपली, गाडी उरली. हसली आणि दंड पुढे केला.

२ डिसेंबर
घात झाला. इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारताना त्याने उलटा झटका दिला, म.कां.चं मनगट मोडलं. मीच फळी बांधली. कण्हले नाहीत, गाडीला मात्र लष्करी शिव्या.
कमिटीचे अध्यक्ष अण्णासाहेब संध्याकाळी म्हणाले, "ड्रायव्हर नाही, तर विकून टाकू." उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधले सिंधी व्यापारी लीलाराम शेठ गिऱ्हाईक आहेत. वरची पेटी कापून मालाचा ट्रक करणार.
म.कां.ना म्हटलं, "मला शिकवा." हसले. मग हसायचे थांबले.

६ डिसेंबर
यांना सांगितलं. हे अंबरनाथच्या कारखान्यात हेडक्लार्क, चारचौघांची भीती फार. "लोक काय म्हणतील?"
"म्हणतील, नर्सबाई गाडी चालवते. खोटं थोडंच आहे?"
ताट अर्धं ठेवून उठले.

१० डिसेंबर
शिकाऊ लायसन्स. यांनीच आणून टेबलावर ठेवलं आणि पेपर उघडून बसले.

१९ डिसेंबर
भात कापलेल्या खाचरात रोज सराव. पदर खोचून. म.का. गळ्यात हात अडकवून शेजारी. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर अशी किंचाळते की बगळे उडतात. खांदे भरून आलेत. आज एकदाही किंचाळली नाही. म.का. फक्त "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे पदकच.

२९ डिसेंबर
आजचं सगळं लिहून ठेवते.
दुपारी लीलाराम शेठ गाडी बघायला आले होते, अण्णासाहेबही होते. पत्रा ठोकून बघणं चाललेलं, तेवढ्यात बारवीकडच्या पाड्यावरून एक जण धावत आला. बायको अडली, रक्त थांबत नाही. मी सीटवर चढले. अण्णासाहेब: "बाई, सरावाची गोष्ट वेगळी!" म.का. शेजारी बसले. पण हँडल मारणार कोण? लीलाराम शेठनी कोट काढून अण्णासाहेबांच्या हातात दिला, हँडल मारलं आणि मागे चढले. "रस्ते में बंद पडी तो?"
पडलीच. अडलेल्या पोरीला घेऊन परतताना, ओढ्यात. शेठ पांढऱ्या लेंग्यानिशी पाण्यात उतरले. दोनदा नाही, तिसऱ्यांदा सुरू. "चलो, अदी!" अदी म्हणजे सिंधीत बहीण.
चिखलोली, अंबरनाथ. कारखाना नुकताच सुटलेला, रस्ता माणसांनी भरलेला. हॉर्न धरून ठेवला. गर्दी फाटली, कडेला हे. नजरानजर झाली, थांबता आलं नाही.
उल्हासनगरच्या मोठ्या दवाखान्यात पोचवलं. मुलगा झाला. आई जगली. जगली!
घरी आल्यावर हे म्हणाले, "शेजारचा विचारत होता, ती बाई कोण. म्हटलं, आमच्या घरातली आहे." आणि चहा स्वतः केला.

४ जानेवारी १९५४
म.कां.ची पट्टी काढली. बोटं पुरती मिटत नाहीत. हँडल, स्टिअरिंग आता नाही. मला रडू येत होतं, ते अण्णासाहेबांना म्हणाले, "ड्रायव्हर आहे आपल्याकडं. माझ्या हातचा."
अण्णासाहेब म्हणाले, "कमिटीपुढे ठेवू." लीलाराम शेठही प्रामाणिक माणूस. म्हणाले, "अदी, धंदा है. कमिटी बेचेगी, तो मैं लूँगा."

१५ जानेवारी
ठाण्याला परीक्षा. इन्स्पेक्टर गाडीकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "ही? तुम्ही?" चढावर मुद्दाम थांबवायला लावली. तसूभर मागे गेली नाही. सही केली त्याने. परत येताना सगळा रस्ता गात आले, म.का. ऐकून न ऐकल्यासारखे.

१७ जानेवारी
उद्या कमिटी बसणार. बाईला कमिटीची ड्रायव्हर म्हणून गाडी चालवू द्यावी की नाही, की विकावी, यावर. मला आत बोलावणार नाहीत, हे कळलंय.
गाडी आज धुतली. उद्या कमिटीच्या खोलीच्या खिडकीखाली आणून लावणार, आत ऐकू जाईल असं इंजिन चालू ठेवून. बसू देत कितीही वेळ.