आलेच

दि. ९ ऑगस्ट, रविवार सकाळ

प्रिय ताई,

तू बरी असशील, छकुलीचा खोकला गेला असेल आणि भाऊजींची पाठ आता कुरकुरत नसेल, असं धरून चालते. मी ठीक आहे. वेळेवर जेवते, हे आईला आवर्जून सांग. तिचा विश्वास बसणार नाही, तरी सांग.

पत्रास कारण एवढंच की तू माझा फोन उचलत नाहीस. हे पाकीट मी भाऊजींच्या हाती देते आहे. ते तुझ्या मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीवर ठेवतील, कारण तो खण तू सारखा उघडतेस. अर्धं वाचून ठेवून दिलंस तरी चालेल. फक्त कापडाखाली गाडू नकोस.

आधी आमच्याकडची खबर. गेमच्या चाचणीच्या दिवशी तू ज्या लंगड्या खुर्चीवर बसली होतीस, तिचा पाय चित्रकाराने शेवटी दोरीने बांधला. खालच्या सायकलवाल्याने दुपारी हातोडी चालवायची नाही असं कबूल केलं आणि दुपारीच चालवतो. प्रोग्रॅमर नेहमीसारखा वैतागलेला. प्रदर्शन जवळ आलंय आणि आमचा गेम अजून मधेच बंद पडतो. आम्ही तिघंच, त्यामुळे भांडायलाही माणसं कमी पडतात.

या आठवड्यात मात्र भरपूर भांडलो. गेमच्या शेवटावरून.

ताई, त्या दिवशी तुला बोलावलं ते मी किती मिरवत होते, तुला दिसलं असेल. दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन तू आलीस, गळ्यातली टेप काढायची विसरलीस आणि तशीच मागच्या रांगेत बसलीस. पडद्यावर ती बाई सकाळच्या घरात धावत होती. दूध गॅसवर, इस्त्री चालू, दाराची बेल, मुलीचा एक मोजा गायब. एक काम टाकून दुसऱ्याकडे वळली की ती म्हणायची, "आलेच!" खेळायला आलेली मंडळी पहिल्यांदा हसली. मग प्रत्येक वेळी हसायला लागली. तो चष्मेवाला म्हणाला, "अरे, ही तर आमची बायको!" आणि खोली दणाणली. तूही हसलीस. सगळ्यांत मोठ्याने. शेजारच्या मुलीने तुला विचारलं, "कोणावरून घेतली असेल हो ही?" तू म्हणालीस, "असेल कोणीतरी बिनडोक."

मी ऐकलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मी तो खाली ठेवून तुझ्याकडे यायला हवं होतं. मी कप वाटत राहिले.

नंतर शेवट आला. बाई डॉक्टरांकडे जाते, गोळी घेते. घरातला सगळा आवाज एकदम बंद. भांडी जागेवर, मोजे जोडीने. मग एक सभागृह, आणि पहिल्या रांगेत ती बाई, हात मांडीवर ठेवून, ताठ बसलेली. मंचावर तिच्या बहिणीचं नाव पुकारतात. ती टाळ्या वाजवते. संपलं. लोकांनीही टाळ्या वाजवल्या. एकीने डोळे पुसले.

तू उठलीस आणि दारात मला विचारलंस, "मग ती आता कुणालाच 'आलेच' म्हणत नाही का गं?" मी म्हटलं, "ताई, बरी झाली ना ती." तू टेप गुंडाळून पिशवीत टाकलीस आणि गेलीस.

मंगळवारी भाऊजींचा फोन आला. "बारके, तिने डॉक्टरांचा नंबर रद्द केला. विचारलं तर म्हणते, मला फर्निचर व्हायचं नाही."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

गेमसाठी मी वाचत होते तेव्हा एका संध्याकाळी तुला एडीएचडीबद्दल, लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासाबद्दल, सांगितलं होतं, आठवतं? तू काजं करत होतीस. हात थांबवून म्हणालीस, "म्हणजे याला नाव आहे?" घरात सगळे तुला वेंधळी म्हणतात. आई म्हणते, "डॉक्टर कशाला, आळस झटकला की झालं." तू आळशी? इस्त्री चालू राहिल्याच्या भीतीने अर्ध्या रस्त्यातून घरी पळत जाणारी तू? छकुली शाळेच्या फाटकाशी वाट बघत उभी राहिली आणि तू दुकानात दुसऱ्याच कुणाच्या बाहीत गुंतलीस, त्या दिवशी तू न्हाणीघरात नळ सोडून रडलीस. दुसऱ्या दिवशी तू स्वतः नंबर लावलास. कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी लिहिलेल्या एका दृश्याने तो रद्द झाला.

हो, मी लिहिलेल्या. भाऊजींना मी फोनवर म्हटलं, "शेवट टीमने ठरवला." ते खोटं आहे. शेवट मी एकटीने लिहिला. चित्रकाराला तो पहिल्यापासून चकचकीत वाटत होता. प्रोग्रॅमरला त्यात काम कमी होतं, म्हणून तो गप्प बसला. आम्हाला सल्ला देणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमना आधीचं सगळं दाखवलं होतं, फक्त हाच भाग दाखवला नाही. मला वाटलं, मला माहीत आहे. पदवी माझ्याकडे, पुस्तकं मी वाचलेली, आणि बहीण माझी.

ते सभागृह तू ओळखलंस, हे मला तुझ्या पाठीवरून कळलं.

आपल्या घरातला पहिला पदवीदान समारंभ. भाड्याच्या गाऊनची शिवण खालून उसवली होती. तू वाकून पाहिलंस आणि म्हणालीस, "थांब, याच रंगाचा दोरा आणते. आलेच." माझं नाव पुकारलं तेव्हा आईबाबांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. तू आलीस तेव्हा सभागृहात झाडू मारत होते. वाटेत कुणाच्या तरी पिशवीचा बंद तुटलेला दिसला, तो तू शिवून देत बसली होतीस. मी "जाऊ दे गं," म्हणाले आणि फोटोत हसले.

पण गेलं नव्हतं ते. लिहायला बसले तेव्हा बाईला गोळी दिली आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवली. तिला त्यामुळे बरं वाटलं का, हे मी एका ओळीतही लिहिलेलं नाही. मी परवा पुन्हा वाचून पाहिलं. सगळ्या शेवटात तिला एकही वाक्य नाही. मला तुझा राग आला होता, ताई. तो तुझ्याशी बोलायचा सोडून मी त्याचं दृश्य केलं आणि वर त्याला जनजागृती म्हटलं.

शेवटी मॅडमना तो भाग दाखवला. त्यांनी पाहिला आणि विचारलं, "ही कुणाच्या सोयीसाठी बरी झाली?" प्रोग्रॅमर घाईने म्हणाला, "मग उलटं करू. ही धांदलच तिची जादूची शक्ती आहे असं दाखवू." मॅडम म्हणाल्या, "ते त्याहून खोटं. तिला त्रास होतो ना? मग तो दिसू दे." गोळीबद्दलही त्या बोलल्या, ते तुला जसंच्या तसं सांगते. गोळीने माणूस पुसला जात नाही. बऱ्याच जणांना लक्ष टिकवायला मदत होते. कुणाला एक मानवत नाही, मग प्रमाण बदलतात, दुसरी बघतात, किंवा दुसरे उपाय करतात. मन सुन्न झाल्यासारखं वाटलं तर ते डॉक्टरांना लगेच सांगायचं असतं, सोसायचं नसतं. आणि पहिल्या भेटीत तर त्या आधी नुसतं ऐकून घेतात.

नवा शेवट लिहिते आहे. प्रोग्रॅमर ओरडला, "आता? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" मग गुरगुरत कामाला बसला. आता बाई काम टाकून गेली की तिच्या कमरेपासून त्या कामापर्यंत एक दोरा राहतो. टाकलेलं काम तिच्याशी जोडलेलं दिसावं ही कल्पना चित्रकाराची, पण दोरा मी सुचवला. सकाळभर घरात दोऱ्यांचा गुंता होतो, ती अडखळते, एकदा पडते. त्यावर कुणी हसणार नाही, असं आम्ही बघू. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर दोरे राहतातच. थोडे सुटे होतात, कुठला कुठे जातो ते दिसतं. सभागृह काढून टाकलं.

दोरा का सुचला, सांगते. त्या दिवशी रिकाम्या सभागृहात तू फरशीवर मांडी घालून बसलीस आणि माझा गाऊन शिवलास. अगदी त्याच रंगाच्या दोऱ्याने. गाऊन तासाभरात परत करायचा होता. मी वरून तुझ्या डोक्याकडे बघत उभी होते आणि फक्त एवढंच म्हणत होते मनात, की आता काय उपयोग. तू उशिरा आलीस. पण "आलेच" म्हणून तू आली नाहीस, असं कधीच झालेलं नाही. माझ्या गेममध्ये ती बाई एकदाही परत येत नव्हती.

तो शब्द तुझा आहे आणि मी न विचारता घेतला. नको म्हणालीस तर काढते.

नंबर पुन्हा लावायचा की नाही, ते तू ठरव. माझ्यासाठी लावू नकोस, आईने काही म्हटलं म्हणून टाळूही नकोस. लावलास, आणि तुला चालणार असेल, तर मी सोबत येईन. बाहेर बाकावर बसेन. तुला आत बोलावतील तेव्हा जाताना मला "आलेच" म्हण. आत कितीही वेळ लागू दे. या वेळी खुर्ची रिकामी राहणार नाही.

तुझी वाट बघत,
बारकी