लेकीच्या पाठवणीला पिशवीबाजा

कुरखेडा, वैशाख शुद्ध दशमी, १९५४

आज पाटलांच्या लेकीच्या पाठवणीला मी बॅगपाईपवर मर्तिकाची धून वाजवली. मुद्दाम वाजवली. अपशकुन झाला का? मला तरी वाटत नाही.

सनईवाले गोमाजीभाऊ सकाळपासून डिवचत होते. "तुह्या पिशवीबाज्यावर परेड होते बाबू, लेक वाटे लावनं नाई होत." मी पलटणीत आयरिश उस्तादाजवळ शिकलो. त्याच्या मुलखात पोरगं कायमचं परदेशी जहाजावर चढायला निघालं, की आदल्या रात्री मयताच्या घरासारखे जागतात आणि हीच धून वाजवतात. भाऊंच्या टोमण्यानं डोकं तापलं आणि ते आठवलं. उन्हानं सुकलेली, बाज्याला सूर देणारी पत्ती जिभेवर ओली केली, पिशवी काखेत दाबली आणि सुरू झालो.

पोरगी बैलबंडीत चढता चढता थांबली. हात चाकाच्या लोखंडी धावेवर. धाव उन्हात तापलेली, तरी तिनं हात काढला नाही. पाटीलबुवा, ज्यांनी कधी कोणापुढे मान खाली घातली नाही, ते पागोट्याच्या शेवानं तोंड झाकून बसले. धून संपली तेव्हाच तो हात चाकावरून सुटला.

मांडव रिकामा झाल्यावर गोमाजीभाऊ जवळ आले.

"कायचं गानं होतं हे?"

खोटं कशाला बोलू? "मयताचं, भाऊ."

त्यांनी सनई पुसून फडक्यात गुंडाळली.

"कोनाले सांगू नको. येत्या साली माह्या नातीचं लगन आहे. तू बाजा घेऊन ये. त्या दिवशी मी सनई घरीच ठेवतो."