हळद लागलेलं डोंगल

मी, रूपराव कवडूजी भोयर, वय एकोणसत्तर, धंदा संगणकदुरुस्ती, राहणार नालवाडी, वर्धा, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दबाव नाही, आणि मधूनमधून हसू फुटते त्याला नशापाणी कारण नाही.

१. घर व बँकेतील ठेव पत्नी कमलाबाईस. तिच्या हयातीत कोणी वाटणीचे नाव काढू नये. काढलेच तर ती पाहून घेईल.

२. सोल्डरिंग गन व पेचकस मुलगा रजत यास. तो पुण्यात मोठा साहेब आहे, प्लग बदलायलाही माणूस बोलावतो. लाज वाटून तरी हात चालवील.

३. आता खरी इस्टेट. 'बोरू' हे मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर नाना देशकरने इथेच, स्वतःच्या माडीवर बनवले. जिल्ह्यातल्या छापखान्यांत ते बसवत मी बावीस वर्षे हिंडलो. काही अडले की नानाला फोन. "थांब गा, आलोच," म्हणे, आणि स्कूटरवर येई. मग त्याने कंपनी विकली. आता फोनवर बाई म्हणते, "तुमचा तक्रार क्रमांक सांगा." बावीस वर्षे माझे नाव पुरत होते हो!

४. दोन वर्षांपूर्वी फर्मान आले: जुनी डोंगले परत करा, यापुढे सगळे इंटरनेटवरून. डोंगल म्हणजे संगणकाच्या पाठीत खोचायची चावी. तिच्यावाचून जुने बोरू उघडत नाही. सगळ्यांनी गुमान दिली. मीही दिले. आठ दिवसांत माझे परत! सोबत चिठ्ठी: "उपकरणावर संशयास्पद पिवळा व लाल पदार्थ. स्वीकारता येत नाही." अहो, दर दसऱ्याला मी अवजारांची पूजा करतो, त्यात डोंगलही असते. हळदकुंकवाचे थरच्या थर! कमलाबाई आणि मी पोट धरधरून हसलो. नव्या बोरूत जुन्या फाइली उघडत नाहीत, त्यामुळे आज केळझरपर्यंतचे छापखानेवाले माझ्या ओट्यावर असतात.

५. परवा नाना आला. पाच वर्षे मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

"विकलं काऊन, तेवढं सांग," मी म्हणालो.

"थकलो गा." मग त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. "शरयूची फाइल उघडून दे ना. कंपनी नाई म्हणून राह्यली."

शरयूवहिनी मागच्या वर्षी गेल्या. बोरू तयार झाले त्या दिवशी पहिले पान त्यांनीच टाइप केले होते. उघडले. "जळो ते तुमचं यंत्र, पोळ्या गार झाल्या." नाना रडला, मग हसत सुटला. मीही तेच केले.

६. म्हणून डोंगल मुलगी मेघा हिला, जी आर्वी नाक्यावर लग्नपत्रिका छापते. नाना येईल तेव्हा तिने ती फाइल उघडून द्यावी, चहा पाजावा, क्रमांक विचारू नये. नानाच्या नावे मात्र मी सुतळीचा तोडाही ठेवत नाही. वकीलसाहेब म्हणतात, साक्षीदाराला मिळकत देऊ नये. म्हणूनच त्याला साक्षीदार केला! एवढा राग राहू द्या.

मुक्काम वर्धा, दसरा, दि. २ ऑक्टोबर २०२५.

सही: रूपराव भोयर

साक्षीदार:
१) वेदश्री वानखेडे, शेजारीण, शिक्षिका
२) नाना देशकर. (डोंगलला यंदाचं हळदकुंकू मी लावलं. चांगलं जाड लावलं.)