ओरेहोवा पोल्यानाची बस

४ मार्च, मंगळवार
आज इतिहास घडला. निदान आमच्या तालुक्यात तरी. सरकारी बस बंद करून सगळे मार्ग खासगी कंपन्यांना खुले करावेत, हा माझा अहवाल नगरपालिकेने जसाच्या तसा मंजूर केला. नगराध्यक्ष वेलिच्काबाई म्हणाल्या, बस गेली की आमची कटकट गेली. बाईंना अर्थशास्त्र उपजतच कळतं. राजधानीत, सोफियाच्या आमच्या अर्थशास्त्र संस्थेत परतलो तर संचालक डेलियान यांनी स्वतः उठून कॉफी दिली. एका अहवालाने तालुक्यातल्या सगळ्या बस थांबवणारे विचारवंत सोफियात आहेत किती?
संकल्प : व्हिएन्नाच्या परिषदेचं भाषण आजच सुरू करणे. (उद्या.)

१७ मार्च, सोमवार
टेंडरं उघडली. सोफियाच्या मार्गावर कंपन्यांची झुंबड. ओरेहोवा पोल्यानाच्या मार्गावर कोणीच नाही. म्हणजे तो मार्ग निरुपयोगी होता हे सिद्ध झालं. यशच म्हणायचं.
ओरेहोवा पोल्याना माझंच गाव. आई तिथेच राहते. पण शास्त्रात नातीगोती आणायची नसतात.

१ एप्रिल, मंगळवार
सकाळीच आईचा फोन. बस आली नाही. म्हटलं, आजपासून बस नाही, संधी आहे. आई म्हणाली, "संधीला चाकं आहेत का रे? उद्या डायलिसिसला जायचंय मला." सोमवार, बुधवार, शुक्रवार जावं लागतं तिला. म्हटलं, मागणी असली की पुरवठा येतोच, जरा धीर धर. तर म्हणे, "धीर धरू नका असं डॉक्टरांनी बजावलंय." आमचे सैद्धांतिक मतभेद जुनेच आहेत.

४ एप्रिल, शुक्रवार
पुरवठा आला! शेजारचा स्तामेन परवापासून आईला स्वतःच्या मोटारीतून नेतोय. भाडं बसच्या कितीतरी पट. आई फोनवर ओरडत होती. घरबसल्या उद्योजकता पाहायला मिळते, त्याचं तिला काही कौतुक नाही. भाषणात स्तामेनवर आख्खा परिच्छेद टाकला.

१६ एप्रिल, बुधवार
स्तामेन जर्मनीला गेला. तिथे शेतावर मजुरी जास्त मिळते. निर्णय आर्थिकदृष्ट्या अगदी योग्य. परिच्छेद काढला.
आज आईला मीच नेलं. अपवाद म्हणून.

९ मे, शुक्रवार
अपवाद चालू आहे. मुक्काम आईकडेच. आठवड्यातले दोन दिवस तेवढा ऑफिसला जातो.
आज गाडीत आणखी तिघीजणी चढल्या. एकीला दात दाखवायचा होता, एकीला कोंबडी विकायची होती, दोना काकूंना पेन्शन आणायचं होतं. वाटभर त्यांना स्पर्धेचे फायदे समजावले. एकीचा डोळा लागला. शेवटी भाड्याचा विषय काढला. दोना काकू म्हणाल्या, "ओगी, तुझे लंगोट धुतलेत मी. त्याचं बिल आधी लावू का?" सगळ्या खो खो हसल्या. कोंबडीसुद्धा फडफडली.
संकल्प : व्हिएन्नाला जाणार म्हणजे जाणार.

१९ मे, सोमवार
भाषणाची तयारी करायला आज सोफियात राहिलो. आईसाठी शहरातून टॅक्सी ठरवली, पैसे आगाऊ भरले. शुद्ध बाजार. व्यवस्था चोख.

२० मे, मंगळवार
टॅक्सीवाल्याने पुलापलीकडचा चिखल पाहिला आणि तिथूनच मागे फिरला. आईने मला कळवलंच नाही. सकाळी दोना काकूंचा फोन आला, तेव्हा समजलं. तडक गावाला. आईचे पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, दोन शब्द बोलली की धाप. इस्पितळात हातापाया पडून मशीन मिळवलं. वाटेत ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मी गेले तर तुझा हा मार्ग फायद्यात येईल का रे?"
भाषणात यावर काही नाही. सगळी पानं पाहिली.

२१ मे, बुधवार
व्हिएन्नात माझं भाषण फार गाजलं म्हणे. डेलियान यांनी वाचलं. मी इस्पितळाच्या पार्किंगमध्ये चीज भरलेली बानित्सा खात होतो.

२ जून, सोमवार
डेलियान यांचा फोन. 'सरकारी पैशाशिवाय एका गावाने स्वतःची वाहतूक उभी केली' हे उदाहरण त्यांनी भाषणात आयत्या वेळी घातलं होतं. त्याला टाळ्या सगळ्यात जास्त पडल्या. ते गाव म्हणजे मी. मी आभार मानले. पुढे ते म्हणाले, तुमचं काम बाहेरच्या एका एजन्सीला दिलंय, स्वस्त पडतं, उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं, असं कसं, आधी नोटीस लागते ना? ते म्हणाले, "ओग्न्यान, तुम्ही विचारताय हे?"
मुद्दा बिनतोड होता. मीच त्यांना शिकवला होता.

४ जून, बुधवार
आई मशीनवर असताना वेलिच्काबाईंना भेटलो. म्हटलं, ओरेहोवा पोल्यानाची सरकारी बस पुन्हा सुरू करा. खालच्या आवाजात म्हटलं, बाहेर ओळखीचे होते. बाईंना आश्चर्यच वाटलं. "कशाला? तिथली सेवा तर झकास चाललीय. लोक खूश आहेत. तक्रार एकच येते, ड्रायव्हर फार बोलतो."

६ जून, शुक्रवार
गाडी वेळेवर सोडली. पाचजणी होत्या. वाटेत काही बोललो नाही.